रत्नागिरी जिल्ह्यात आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या छोट्या संस्थांना एकत्र कसं आणायचं?

आधी फेडरेशन, लेटरहेड, अध्यक्ष यांच्या नादी लागू नका. आमच्याकडे पहिल्या बैठकीतले दोन तास बॅनरवर कोणाचा लोगो वर, यातच गेले. चहा मात्र चांगला होता.

दुसऱ्या वेळी एकच प्रश्न घेतला: रात्री अकराला वाडीतून फोन आला, तर पुढे काय? तिथे सगळे गप्प. एका संस्थेकडे समुपदेशक होती पण गाडी नाही. मच्छीमारांच्या मंडळाकडे गाडी होती, पण बोलायचं कसं हे ठाऊक नाही. त्यातूनच कोण कुठल्या तालुक्यात, कोणत्या वेळेत, एवढा एक पानाचा कागद झाला. खाली टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, तो मोफत आणि चोवीस तास चालू असतो. आशाताईंना तो कागद द्याच, घराघरात त्याच जातात.

शहरातलं प्रादेशिक मनोरुग्णालय आणि सिव्हिलमधला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम यांना पहिल्या दिवसापासून बोलवा. मुंबईची ग्रामस्थ मंडळं विसरू नका. म्हातारे आईबाप गावी एकटे असतात आणि मुलगा भेटतो गणपतीत. बागायतदारांशी फवारणीची औषधं कुलपात ठेवण्याबद्दल बोला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, हातात पैसा नसतो, तेव्हा बंदरावरच्या फेऱ्या वाढवा.

आणि एक, माणसाचं नाव व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीच टाकायचं नाही. गाव लहान असतं.