दोन्ही पायांवर संध्याकाळी सूज येते. पाणी कमी प्यावे की लघवीची गोळी घ्यावी?

आपण लिहिले आहे की दिवस मावळेपर्यंत दोन्ही घोटे सुजतात, सकाळी सूज बरीच उतरलेली असते आणि सगळे म्हणतात की अंगात पाणी धरले आहे. मी डॉक्टर नाही, पण याच दुखण्यात आपण विचारलेले दोन्ही उपाय करून फसलो आहे, म्हणून सांगतो की कारण कळेपर्यंत दोन्ही नकोत.

प्यायलेले पाणी थेट पायांत जाऊन साठते, हा समज चुकीचा आहे. अतिसूक्ष्म केशवाहिन्यांमधून द्रव सतत बाहेर पाझरत असतो. रक्ताचा दाब त्याला बाहेर ढकलतो, रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन त्याला आत धरून ठेवते आणि जे बाहेर उरते ते लसिकावाहिन्या उचलून पुन्हा रक्तात आणून सोडतात. शिरांच्या झडपा सैल झाल्या किंवा हृदय कमजोर होऊन रक्त मागे तुंबले तर दाब वाढतो. मूत्रपिंडातून प्रथिन गळू लागले किंवा यकृत ते पुरेसे बनवेनासे झाले तर धरून ठेवणारी शक्तीच घटते. वरून सूज सारखीच दिसते, उपाय मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो.

माझ्या बाबतीत रक्तदाबावरची अ‍ॅम्लोडिपिनची गोळी ५ मिलिग्रॅमवरून १० वर नेल्यानंतर काही आठवड्यांत घोटे भरून आले. नडगीच्या हाडावर अंगठा दहा-पंधरा सेकंद दाबून उचलला की खळगा पडे आणि तो भरून यायला बराच वेळ लागे. मी आधी पाणी तोडले, मग एका नातेवाइकाच्या उरलेल्या लघवीच्या गोळ्या चार दिवस घेतल्या. उठताना भोवळ येऊ लागली, रात्री पोटरीत गोळे येऊ लागले आणि सूज जिथल्या तिथेच राहिली. पुढे डॉक्टरांनी समजावले की हे औषध धमन्यांची बारीक टोके सैल करते, शिरा तितक्या सैल होत नाहीत, त्यामुळे मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो. अंगात जादा पाणी नसतेच, मग लघवीची गोळी काढणार काय? त्यांनी औषध बदलले आणि सूज ओसरली. (आपण होऊन मात्र रक्तदाबाची गोळी बंद करू नये.) आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी आणि स्टेरॉइडनेही सूज येऊ शकते.

घरी करण्यासारखे सर्वांत मोलाचे काम म्हणजे मीठ कमी करणे, कारण मूत्रपिंडाने मीठ अडवले की पाणी त्याच्यामागे थांबतेच. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे, आणि त्यात पाकीटबंद पदार्थांतले न दिसणारे मीठही धरायचे असते. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारात डॉक्टरांनी मर्यादा घातली असेल तर ती पाळावी. पाय हृदयाच्या पातळीच्या वर ठेवून अर्धा तास पडावे आणि अधूनमधून चालावे, कारण पोटरीचे स्नायू आवळले की शिरांतले रक्त वर ढकलले जाते. घट्ट वैद्यकीय मोजे सकाळी सूज चढण्यापूर्वी घालावेत, पण पायांच्या धमन्या अरुंद असतील तर ते अपाय करतात, म्हणून आधी विचारावे.

रोज सकाळी लघवी करून आल्यावर वजन लिहून ठेवावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ती चरबी नव्हे. एकाच पायाला अचानक सूज आणि वेदना, आडवे पडल्यावर धाप, छातीत दुखणे, किंवा गरोदरपणात चेहरा आणि हात सुजून डोके दुखणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी, शक्यतो तत्काळ, रुग्णालय गाठावे. सकाळी डोळ्यांभोवती सूज आणि लघवीला फेस असेल तर लघवीतील प्रथिनाची तपासणी टाळू नये.

आपली सूज रात्रीत उतरते, म्हणून घाबरण्याचे कारण बहुधा नसावे; तरी या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा आणि जाताना घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. माझे कारण त्यातल्याच एका पाकिटावर छापलेले होते.