‘मॅडम, पेन्सिलीसारखी होऊन राहिली’

नागपूरच्या इतवारी बाजारातल्या एका ठोक दुकानात हिशेब लिहिणारे गृहस्थ, वय 41. पहिली दहा मिनिटं मे महिन्याच्या उन्हावरच बोलले. मग दाराकडे बघत हळूच म्हणाले, ‘‘मॅडम, संडास पेन्सिलीसारखी होऊन राहिली. महिना झाला. कॅन्सर तर नाही ना?’’ काका आतड्याच्या कॅन्सरने गेलेले. घरी कोणाला काही बोलले नव्हते, पण मोबाइलमध्ये तेवीस फोटो काढून ठेवले होते.

फोटो नकोत, असं मी म्हणाले नाही. लाज गिळून एवढं आणलं होतं त्यांनी. पण आधी ब्रिस्टलचा तक्ता पुढे ठेवला. इंग्लंडातल्या त्या शहरातल्या डॉक्टरांनी तो मांडला, 1997 साली त्यावरचा निबंध छापून आला. मलाचे सात प्रकार: 1 म्हणजे सुटे खडे, 7 म्हणजे नुसतं पाणी, 3 आणि 4 ठीक. मल मोठ्या आतड्यात जितका रेंगाळतो, तितकं त्यातलं पाणी शोषलं जातं आणि तो घट्ट होतो. त्यांचं बोट बहुतेक दिवशी 1 नाहीतर 2 वर गेलं.

‘‘जाता कधी?’’

‘‘सकाळी घाई. दुकानातला संडास तर बघवत नाही, मग रात्रीपर्यंत धरून ठेवतो.’’ पाण्याचं विचारलं, तर बाटली अर्धी तशीच घरी परत येते, दिवसभर चहा.

एखाद्या दिवशी बारीक झाली, एवढ्यावरून कॅन्सर ठरत नाही. पण बदल आठवडेच्या आठवडे टिकला, किंवा सोबत रक्त, घटतं वजन, रक्तक्षय असेल, तर अंदाज बांधत बसायचं नसतं. रक्ताचं विचारल्यावर ते सहज म्हणाले, ‘‘कधीमधी थेंब दिसते. मूळव्याध असंन.’’ ‘असंन’वर मी थांबत नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं.

निघालं फिशर. खड्यांनी गुदद्वाराला चीर पडलेली, दुखण्यामुळे तिथला स्नायू आवळलेला, म्हणून बारीक. रक्त आणि महिनाभराचा बदल पाहून दुर्बिणीची तपासणीही केली. ती साफ आली. मलम, कोमट पाण्यात बसणं, भरपूर पाण्यासोबत इसबगोल. आणि दुकानात जाण्याआधी पंधरा मिनिटं स्वतःसाठी. हेच त्यांना सगळ्यात अवघड गेलं.

दीड महिन्याने ते कॅलेंडरचं पान घेऊन आले. तारखांखाली आकडे: 2, 2, 3, 2, 4, 4. बायकोने विचारलं तेव्हा ‘दुधाचा हिशेब’ म्हणाले होते. ती म्हणाली, ‘‘अहो, दूध तर आपण रोज एकच लिटर घेतो ना!’’ त्या रात्री त्यांनी तिला सगळं सांगितलं.