मुलाखतीला निघण्यापूर्वी

फोंडा, गोवा

चिरंजीव मुलीस,
अनेक आशीर्वाद.

वेर्ण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीकडून मुलाखतीचे बोलावणे आल्याचे कळले, फार आनंद झाला. जुने प्रश्न उत्तरांसह पाठ करण्याचा सपाटा तू लावला आहेस, त्याविषयी मी काही बोलत नाही, कारण तुझी खरी अडचण मला निराळी दिसते. मोठ्यांनी विचारले की मान खाली घालून नेमके उत्तर द्यावे, उलट प्रश्न करू नये, हे वळण आपल्याला घरात आणि वर्गात लागलेले असते, आणि मुलाखतीत तेच आड येते.

समज, रायबंदर-चोडण फेरीबोटीच्या वेळांची यादी देऊन, धक्क्यावर आलेल्या प्रवाशाला पुढची फेरी कोणती ते शोधणारा प्रोग्राम लिहायला सांगितला. लगेच कोड लिहायला घेऊ नकोस. यादी चढत्या क्रमाने आहे का, प्रवासी नेमका सुटण्याच्या मिनिटाला पोचला तर त्याला ती फेरी मिळाली असे धरायचे का, शेवटची फेरी गेल्यावर आलेल्याला काय सांगायचे, आणि हा शोध एकदाच घ्यायचा की लाखो वेळा, हे आधी विचारून घे. एका दिवसाचे वेळापत्रक असेल तर यादी पहिल्यापासून चाळली तरी भागते, आणि तसे बेलाशक सांगावे. दहा लाख क्रमवार नोंदी असतील तर बायनरी सर्च, म्हणजे दर वेळी यादीचा मध्य पाहून निम्मा भाग वगळत जाणारा शोध, सुमारे २० तुलनांत काम उरकतो. अर्थात तोही दिसतो तितका सरळ नाही. मधले स्थान काढण्यासाठी दोन्ही टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून निम्मी केली, तर यादी प्रचंड मोठी असताना ती बेरीज ३२ बिटांच्या पूर्णांकाच्या २,१४,७४,८३,६४७ या मर्यादेपलीकडे जाते आणि उत्तर ऋण येते. खुद्द जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संग्रहात, हा दोष कित्येक वर्षे होता. त्याचा बोभाटा २००६ मध्ये झाला. म्हणून लिहून झाल्यावर रिकामी यादी, एकच फेरी आणि उशिरा आलेला प्रवासी, हे तिन्ही प्रसंग स्वतःहून तपासून दाखव. अडलीस तर कुठे अडलीस ते बोलून दाखव. गप्प बसलेल्या उमेदवाराला मदत करायची तर समोरच्याला काही धागाच मिळत नाही. इंग्रजी साधे असले तरी चालते.

नोकरीतही हेच कामी येते. सुरुवातीचे महिने बहुतेक दुसऱ्यांचा कोड वाचण्यात जातात. तिथे दिवसभर एकटीने डोके खाजवत बसण्यापेक्षा, काय करून पाहिले ते दोन ओळींत लिहून सहकाऱ्याला विचारलेले बरे. कोड रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सहकारी आपला कोड तपासतात तेव्हा, शेरे आले म्हणजे आपली लायकी काढली, असे मनात आणू नकोस.

नियुक्तीपत्र हाती आल्यावर मात्र सगळेच प्रश्न विचार. सीटीसीच्या, म्हणजे कंपनीला तुझ्यावर वर्षाला येणाऱ्या एकूण खर्चाच्या, आकड्यात बहुधा कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा, ग्रॅच्युइटीची तरतूद आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम धरलेली असते, त्यामुळे त्याला बाराने भागून महिन्याचा पगार ठरवू नकोस. हातात किती पडेल त्याचा तक्ता माग, नोटीस पीरियड (नोकरी सोडण्याआधी द्यायची मुदत) किती आणि बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) आहे का तेही बघ. संकोच कसला? एचआरच्या माणसांना हे प्रश्न रोजचेच असतात.

तुझा शुभचिंतक