सुरू होतानाच बंद पडणारा संगणक : दोष यंत्राचा हे दाखवायचे कसे?

प्रश्न : मिरज येथील एक वाचक भगिनी घरूनच डीटीपीचे काम करतात; त्यांची भाची अधूनमधून मदत करते. दहा महिन्यांपूर्वी पुण्यातील एका दुकानातून त्यांनी 62,000 रुपयांना संगणक असेंबल करून घेतला. गेले तीन महिने विंडोज सुरू होता होता ब्लू स्क्रीन येते किंवा संगणक आपोआप रिस्टार्ट होतो. दुकानदाराने दोनदा फॉरमॅट करून दिला. आता तो म्हणतो की दोष सॉफ्टवेअरचा किंवा घरच्या विजेचा आहे आणि तो वॉरंटीत बसत नाही. ग्राहक आयोगाकडे जाता येईल का, असे त्या विचारतात.

उत्तर : जाता येईल. मात्र संगणक बंद पडतो एवढे सांगून भागणार नाही. बंद पडण्याचे कारण यंत्रातच आहे, हे प्रथमदर्शनी दाखवण्याची जबाबदारी तक्रारदार म्हणून आपल्यावर राहील, आणि दुकानदाराचा सारा बचाव नेमका तेथेच उभा आहे. म्हणून तिसऱ्यांदा फॉरमॅट करू देऊ नका. विंडोज कोलमडताना जी नोंद ठेवते ती सामान्यतः विंडोजच्या फोल्डरमधील मिनिडंप या फोल्डरात असते आणि फॉरमॅट केल्यावर ती नाहीशी होते. आपल्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढताना त्या नोंदींचीही प्रत घ्या. दोन्ही वेळच्या जॉबशीट जपून ठेवा. त्या मिळाल्या नसतील तर त्या तारखा आणि प्रत्येक वेळी काय केले गेले हे लिहून दुकानदाराला आजच ई-मेल करा. नव्याने टाकलेल्या विंडोजवरही तोच बिघाड दोनदा परतला, ही वस्तुस्थिती आपल्या बाजूची आहे, पण ती कागदावर यायला हवी.

मी अभियंता नाही. तथापि अशा प्रकरणांत उपयोगी पडणाऱ्या दोन चाचण्या संगणक न उघडता घरीच करता येतात. पहिली म्हणजे पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी कार्यप्रणाली) सुरू करून पाहणे. तेथेही संगणक तसाच बंद पडला, तर विंडोजला दोष देण्यास फारशी जागा उरत नाही. दुसरी मेमटेस्ट86 ही रॅमची चाचणी. तीही पेनड्राइव्हवरून, विंडोज सुरू न करता चालते, आणि तिच्यात एकही चूक निघाली तरी ती दखलपात्र असते. परंतु चाचणीपूर्वी बायोसमधील (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमधील) एक्सएमपी किंवा एक्सपो हे रॅमचा वेग वाढवणारे सेटिंग बंद करा, अन्यथा आपण ओव्हरक्लॉक केल्यामुळे, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवल्यामुळे चूक निघाली, असे उत्तर तयार असेल. दोन्ही चाचण्यांचे मोबाइलवर सलग चित्रीकरण करा आणि मूळ फाइल त्याच मोबाइलमध्ये राहू द्या, कारण भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालील इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र जोडण्याची वेळ आली तर ती लागेल.

यापुढची तपासणी स्वतः करू नका आणि ओळखीच्या मेकॅनिककडूनही करून घेऊ नका; भागांवरील वॉरंटीचे स्टिकर फाटले की वादाला निराळेच वळण लागते. एकच रॅम आलटून पालटून दोन्ही स्लॉटमध्ये लावून दोष रॅमचा की मदरबोर्डचा हे ठरवणे, एसएमपीएसचा (संगणकाच्या भागांना वीज पुरवणाऱ्या युनिटचा) 12 व्होल्टचा पुरवठा भार असताना 11.4 ते 12.6 व्होल्टच्या मर्यादेत राहतो की नाही हे मोजणे, ही कामे जवळच्या शासकीय तंत्रनिकेतनातील संगणक किंवा इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या प्राध्यापकांकडून करून घेऊन लेखी अहवाल मागावा. तपासणीची तारीख दुकानदाराला आधी कळवावी. तो येवो न येवो, कळवल्याचा पुरावा राहतो.

विजेच्या आक्षेपाचे उत्तर दुकानातच मिळू शकते. संगणक दुकानाच्या टेबलावरही बंद पडला असेल, तर मिरजेतील वीज त्याला कारण कशी? जॉबशीटवर ही नोंद आग्रहाने करून घ्या. दुकानदार कदाचित विंडोजमधील कर्नल-पॉवर 41 ही नोंद वीजपुरवठ्यातील दोषाचा पुरावा म्हणून दाखवील. ती नोंद इतकेच सांगते की संगणक रीतसर शटडाउन न होता बंद झाला किंवा पुन्हा सुरू झाला. त्याचे कारण तिच्यावरून ठरत नाही.

आपण व्यवसायासाठी संगणक घेतला म्हणून आपण ग्राहकच नाही, हा आक्षेपही येईल. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 2(7) च्या स्पष्टीकरणानुसार केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली व स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूच्या अपवादात मोडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात 1995 साली इतरांचे टंकलेखन करून देण्यासाठी स्वतः टाइपरायटर चालवणाऱ्याचे उदाहरण घेऊन हेच स्पष्ट केले असून, मदतीला एक-दोन माणसे असल्याने फरक पडत नाही असेही म्हटले आहे. आपली भाची अधूनमधून हात लावते, याची चिंता नको. मात्र स्वयंरोजगाराचे विधान तक्रारीत स्पष्ट शब्दांत केलेच पाहिजे.

दुकानदार भागांच्या कंपन्यांकडे बोट दाखवील. आपण डीटीपीच्या कामासाठी संगणक हवा असे सांगितले आणि भाग त्याने निवडले. अशा स्थितीत मालविक्री अधिनियम, 1930 च्या कलम 16 नुसार वस्तू त्या कामास योग्य असण्याची अट विक्रेत्यावर येते. त्याला मुख्य विरुद्ध पक्ष करा, आणि अहवालात सदोष ठरलेल्या भागाच्या कंपनीलाही सामील करून घ्या. बिलावर भागांचे सीरियल नंबर नसतील तर ते त्याच्याकडून लेखी मागून घ्या.

एक नाजूक बाब. त्याने टाकलेले विंडोज परवानाधारक आहे का? परवाना नसलेली प्रत असल्याचे ठाऊक असूनही ती वापरणे कॉपीराइट अधिनियमाच्या कलम 63ब खाली गुन्हा आहे, आणि व्यवसायातील वापराला तेथे सवलत नाही. तक्रार करण्यापूर्वी हे खात्रीने तपासा.

तक्रार पुण्याला नव्हे, तर आपण राहता त्या सांगली जिल्हा आयोगाकडे ग्राहक संरक्षण अधिनियमाच्याच कलम 34 नुसार दाखल करता येते, ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती संकेतस्थळावरूनही. मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. विरुद्ध पक्षाला म्हणणे मांडण्यास तीस दिवस, आणि आयोगाने वाढवून दिले तर आणखी फार तर पंधरा दिवस मिळतात. चाचणीशिवाय दोष ठरत नसल्यास आयोग कलम 38 खाली संगणक योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तिचे शुल्क प्रथम आपल्याला भरावे लागते. कालमर्यादा कलम 69 नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. दुकानाच्या फेऱ्या आणि पत्रव्यवहार यांनी ती वाढेल असे धरून चालू नका. नोटीस बंधनकारक नसली तरी पंधरा दिवसांची मुदत देऊन पाठवावी.

मागणीत सदोष भाग विनामूल्य बदलून मिळावा हे आधी लिहा. तो ठराविक मुदतीत बदलला नाही तर किंमत व्याजासह परत, शिवाय बुडालेल्या कामाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च. बुडालेल्या कामासाठी ग्राहकांनी रद्द केलेल्या ऑर्डरचे संदेश जोडा. सगळी रक्कम परत हीच एकमेव मागणी केल्यास, एका रॅमसाठी पूर्ण संगणकाची किंमत का, असा प्रश्न आयोग विचारू शकतो आणि तो अवाजवी म्हणता येणार नाही.