रोमन काळातलं तलावाकाठचं एखादं व्यापारी गाव सांगाल का? ते कशावर चालायचं आणि पुढे का उठलं?

माझ्या मते यासाठी सगळ्यात चांगलं गाव म्हणजे लुसोना. स्वित्झर्लंडमधलं लोझान शहर आहे ना, त्याच्या खालच्या अंगाला, जिनिव्हा सरोवराच्या काठावर विदी नावाचा भाग आहे. ऑलिंपिक समितीचं मुख्यालय तिथेच आहे. रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात, इ.स.पू. पहिल्या शतकाच्या शेवटी, हे गाव आकाराला आलं.

ते चालायचं निव्वळ हमालीवर, असं म्हटलं तरी चालेल. भूमध्य समुद्राकडून रोन नदीच्या वाटेने येणारा माल सरोवरात नावेने आणायचा, लुसोनाला उतरवायचा आणि गाड्यांवर किंवा जनावरांवर लादून सुमारे ३० किमी उत्तरेला, न्यूशातेल सरोवराकाठच्या इव्हर्दों गावापर्यंत न्यायचा. तिथून पुन्हा नावा, आणि पाण्याची वाट थेट ऱ्हाइनपर्यंत. दोन नद्यांच्या मधला हा कोरडा टप्पा टळण्यासारखा नव्हता, म्हणून गाव जगलं. आपल्याकडे चिपळूण, महाड असंच वाढलं : खाडीतून आलेला माल उतरवायचा आणि बैलांवर लादून घाट चढवायचा.

दर्जाने लुसोना शहर नव्हतंच. हेल्वेती या तिथल्या जमातीची राजधानी आव्हाँशला, आणि हे तिच्या हद्दीतलं नुसतं गाव. पण थाट बघा : मधोमध चौक, त्याला लागून बासिलिका, म्हणजे कज्जे आणि सौदे चालायचे ती मोठी छपराची इमारत, शिवाय देऊळ. सरोवरावरच्या नावाड्यांचा स्वतःचा संघ होता, त्यांचा शिलालेख सापडलाय. मला त्याहून रंजक वाटतो तो १७३९ साली मिळालेला शिलालेख. पब्लियस क्लोडियस प्रायमस नावाच्या गृहस्थाने सूर्य आणि चंद्राला केलेला नवस फेडलाय, आणि त्यात आपली पदंही नोंदवून घेतलीत : लुसोनाकरांचा कारभारी, तोही दुसऱ्यांदा! म्हणजे गावाला शहराचा मान नसला तरी गावकीचा कारभार होता, आणि ते पद मिरवण्याजोगं होतं. रोमन मार्गयाद्यांत तर अख्खं सरोवरच या गावाच्या नावाने येतं.

गाव एका रात्रीत उठलं नाही. तिसऱ्या शतकात ऱ्हाइनपलीकडून आलेमानी या जर्मन टोळ्यांच्या धाडी सुरू झाल्या, व्यापार आटला, आणि उघड्या काठावर राहणं धोक्याचं झालं. चौथ्या शतकापर्यंत बहुतेक वस्ती वरच्या टेकडीवर सरकली. आजचं जुनं लोझान आणि तिथलं कॅथेड्रल त्याच टेकडीवर आहे. खालचे पडके वाडे मग दगडांची खाण म्हणून वापरले गेले.

कधी गेलात तर अवशेष मोकळ्या बागेत आहेत आणि रोमन संग्रहालय शेजारीच. फक्त बंदर शोधत पाण्यापर्यंत जाऊ नका. भरावामुळे काठ बराच पुढे सरकलाय, रोमन काळी लाटा त्या चौकाच्या जवळ यायच्या.