चहा प्यायले, मग गेले कसे?

प्रश्न: डॉक्टरसाहेब, काकाजी कापसाच्या बैलबंडीवरून पडले. उठून चहा प्यायले, बोलले, रात्री गेले. अंगावर जखम नाही, तरी पोस्टमार्टेममध्ये ‘डोक्याला मार’! गावात विषाची कुजबुज आहे.
– एक वाचक, ता. दारव्हा

उत्तर: जखम दिसलीच पाहिजे असं नाही. कानशिलाचं हाड पातळ. ते तडकलं की आतली धमनी फाटते, कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये रक्त साचत जातं. तोवर माणूस धड असतो, मग एकाएकी ढेपाळतो. वरून केसांत नुसतं टेंगूळ. डोक्याची कातडी उलटवली की मात्र आतून काळसर रक्त उतरलेलं दिसतं, आणि कवटीखाली गोठलेल्या रक्ताची जाड वडी. मी अशा पुष्कळ पाहिल्या. कुजबुजीचं म्हणाल तर विषाची शंका असल्यास व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, राखून तपासणीला पाठवतात. अहवालात तसा शेरा आहे का, ते आधी वाचा. पारावरच्या डॉक्टरांचं नंतर ऐका.