चित्राला ‘बहुधा’ म्हणता येत नाही

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद.

पुणे जिल्ह्यातल्या इनामगाव या प्राचीन वसाहतीवरच्या तुझ्या पुस्तकाचा मजकूर आणि सोबतची कच्ची रेखाटने सवडीने, मन लावून पाहिली. आपल्याकडच्या बहुतेक मुलांच्या मनात महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांपासून, नाहीतर थेट शिवकाळापासून सुरू होतो. त्याआधी इथे घोड नदीच्या काठी इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास शेतकऱ्यांचे एक खेडे वसले आणि सुमारे नऊशे वर्षे नांदले, हे त्यांच्या कानावरही येत नाही. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ सांकलिया, ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ पासून दहा वर्षांहून अधिक काळ तिथे उत्खननाचे जे कष्ट घेतले, त्यांचे फळ जाडजूड अहवालांतून बाहेर पडून दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या हाती जावे, ही तुझी तळमळ मला मनापासून पटते. म्हणूनच जे खटकले ते हातचे न राखता लिहितो.

तुझा मजकूर सावध आहे. ‘असावे’, ‘बहुधा’, ‘तज्ज्ञांना वाटते’ हे शब्द तू जागच्या जागी वापरले आहेस. चित्रांत मात्र ही सावधगिरी कुठेच उतरलेली नाही, आणि सचित्र माहितीपर पुस्तकाची खरी अडचण नेमकी इथेच असते. लेखकाला ‘बहुधा’ लिहून पुढे जाता येते. चित्रकाराला भिंत काढायची तर ती किती उंच, दार कोणत्या बाजूला, छपराचा उतार किती, हे सगळे ठरवावेच लागते. शिवाय मूल आधी चित्र पाहते आणि पुढे कित्येक वर्षे त्याच्या ध्यानात राहते तेही चित्रच. मजकुरातला ‘बहुधा’ केव्हाच विसरला जातो.

या विसरण्याचे जुने आणि आपल्या किनाऱ्याशी नाते सांगणारे एक उदाहरण आहे. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना दिलेला एक गेंडा गोव्याहून जहाजाने रवाना झाला आणि मे १५१५ मध्ये लिस्बनला पोहोचला. न्युरेंबर्गचा थोर चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने तो प्राणी स्वतः पाहिला नाही. कोणीतरी पाठवलेले वर्णन आणि एक रेखाटन यांच्या आधारे त्याने त्याचे लाकडी ठशाचे चित्र केले. त्या गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे जोडल्यासारखे दिसतात, पायांवर खवले आहेत आणि मानेमागे, खांद्यावर एक जादा छोटे शिंग आहे. चित्र इतके देखणे आणि ठाम होते की अठराव्या शतकापर्यंत युरोपातली पुस्तके त्याच्या नकला छापत राहिली आणि ते न असलेले शिंगही त्यांच्याबरोबर चालत राहिले. ड्यूररच्या कौशल्यात काहीच उणे नव्हते. पाहिलेले कोणते आणि तर्काने भरलेले कोणते, हे पाहणाऱ्याला कळायला त्या चित्रात जागा नव्हती, एवढेच.

आता तुझे घराचे पान घे. अंगणात गुलमोहर फुललेला आहे, कुडाच्या भिंतीला लाल मिरच्यांची माळ टांगलेली आहे आणि टोपलीत मक्याची कणसे आहेत. चित्र प्रसन्न आहे यात शंका नाही. पण गुलमोहर मूळचा मादागास्करचा, तर मिरची आणि मका अमेरिकेतून आलेली पिके. पोर्तुगीज इथे येईपर्यंत आपल्याकडे मिरची कोणी चाखलेली नव्हती. इनामगावच्या लोकांचे मुख्य धान्य जव होते. आजचे खेडे पाहून तीन हजार वर्षांपूर्वीचे खेडे रंगवण्याचा मोह फार बळकट असतो, आणि ओळखीच्या वस्तू दिसल्या की मुलांना जवळीक वाटते हेही खरे. मात्र ही जवळीक उत्खननात मिळालेल्या वस्तूंतूनच यावी. तांबड्या अंगावर काळ्या रेघांची नक्षी असलेली तोटीची भांडी, कणगीखालचा मातीचा गोल ओटा, धान्य साठवायचे जमिनीतले पेव, घरातली चूल ही सगळी खरी सापडलेली आहेत आणि त्यांत आपलेपणा काही कमी नाही. झाडांत बाभूळ आणि बोर काढ.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ज्या पुराव्यावरून हे घर उभे राहिले, तो पुरावा मुलाला त्याच पानावर दिसायला हवा. जमिनीत काय उरले होते? चोपलेली जमीन, खांबांचे खड्डे, चुलीची राख, भिंतींचा मातीतला माग. हे सगळे तू ठळक, भरीव रेषेने काढ. भिंतींची वरची बाजू आणि शाकारलेले छप्पर त्याच चित्रात फिकट, तुटक रेषेने येऊ दे, आणि या दोन रेषांचा अर्थ पुस्तकाच्या पहिल्याच पानावर एकदा सांगून ठेव. मुलांना हा संकेत लगेच उमगतो, आणि मग ती पुढच्या प्रत्येक पानावर आपणहून विचारू लागतात की हे सापडलेले की योजलेले. सुरुवातीच्या काळातली चौकोनी, ऐसपैस घरे जाऊन शेवटच्या काळात लहान गोल झोपड्या आल्या, हेही खड्ड्यांच्या रांगांवरूनच समजते. पाऊसमान घटले, शेती आटली आणि लोक पशुपालनाकडे वळले, हे त्या बदलाचे स्पष्टीकरण आहे. त्याला वेगळी जागा दे. खड्ड्यांच्या चित्रात ते मिसळू नकोस.

दफनाचे पान तू गाळायच्या विचारात आहेस, असे पत्रावरून दिसते. ते गाळू नकोस. लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून, आडवी ठेवून, घराच्याच जमिनीखाली पुरत असत. हे दाखवायला उभा छेद काढ: वर सारवलेली जमीन आणि चूल, खाली खड्डा, खड्ड्यात ती दोन मडकी. एवढ्या एका चित्रात त्या आईबापांची माया मुलांना न सांगता समजेल, म्हणून तिथे मजकूर अगदी थोडा ठेव. मोठ्या माणसांच्या बहुतेक सांगाड्यांना घोट्याखालची पावले नसतात, हे तू लिहिले आहेस ते बरोबर आहे. पण त्यापुढे ‘मृतांनी भूत होऊन परत येऊ नये म्हणून पाय तोडत’ हे तू निःशंकपणे लिहून टाकलेस आणि चित्रातही तोडण्याचा प्रसंग दाखवलास. पावले नाहीत, हे हाडे सांगतात. का नाहीत, हे अभ्यासक सुचवतात. चित्र सांगाड्याचे काढ आणि कारण मजकुरात, सुचवणाऱ्याच्या भाषेत सांग.

पुढचे पुस्तक लोणारवर करायचे म्हणतेस, तिथे ही कसोटी आणखी कडक आहे. बेसाल्टमधले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर अशनीच्या आघाताने झाले, हे दगडांवरून सिद्ध आहे. वय मात्र एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे येते, तर दुसऱ्या पद्धतीने पाच लाखांहून अधिक. आघाताच्या चित्रात काठावर कोणते प्राणी उभे करायचे आणि माणूस दाखवायचा की नाही, हे या आकड्यावर ठरणार. मला विचारशील तर आघाताचे एक भव्य दृश्य काढण्यापेक्षा दोन्ही मोजणीच्या पद्धती समोरासमोरच्या पानांवर चितारणे जास्त रंजक होईल. विज्ञान चालते कसे हे मुलांना त्यातून दिसेल.

मजकुराबद्दल थोडेच लिहितो. चित्रात दिसते तेच वाक्यात पुन्हा सांगू नकोस. चित्रात न मावणारे, म्हणजे वास, आवाज, वजन, काळ, तेवढे शब्दांवर सोपव. प्रत्येक वस्तूशेजारी प्रमाणपट्टी किंवा माणसाचा हात हवाच, नाहीतर मडके वाटीएवढे की रांजणाएवढे, हे मुलाला कळत नाही.

रंगकाम सुरू करण्याआधी पुण्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जाऊन इनामगावची भांडी प्रत्यक्ष पाहा आणि परवानगी घेऊन तिथेच बसून रेखाटने कर. छायाचित्रांत तोटीचा बाक आणि मातीचा खरा रंग नीट येत नाही. नंतर कच्ची पाने उत्खननाची माहिती असलेल्या कोणाला तरी दाखव. त्यासोबत एखाद्या शाळेतल्या सहावी-सातवीच्या मुलांनाही दाखव आणि त्यांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत टिपून घे. घराचे पान नव्याने झाले की तेवढेच मला आधी पाठव; बाकीच्या पानांचे मग पाहू.

तुझा,
एक वडीलधारा सहकारी